कानातला रंग

३ जानेवारी

खारे,

हे पाकीट उघडलंस, म्हणजे वरच्या अक्षरावरून तुला मी कळले नाही. पत्ता मुद्दाम शेजारणीकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर एवढं वाच आणि मग खुशाल फाड.

तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. त्याच्यावर डाफरू नकोस. बिचारा रस्त्यात उभा राहून बोलत होता, मागे गाड्यांचा गोंगाट. म्हणाला, "आजी, सहावा महिना लागलाय, पाय उशीसारखे सुजलेत, रक्तदाब वाढलाय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणते. डॉक्टरांनी रोजची गोळी दिलीय, ती घेतच नाही." खिडकीतल्या कुंडीतलं रोप का मरतंय म्हणून त्याने माती उकरली, तर खाली खारीने पुरून ठेवाव्यात तशा गोळ्याच गोळ्या.

रोपाला रक्तदाब नव्हता, तरी गोळ्या मिळाल्या आणि ते गेलं. तुला आहे आणि तू घेत नाहीस. शाळेत पोरांना गणित शिकवतेस ना तू?

दोन वर्षांपूर्वी मी जे बोलले ते बोलले. आता जे सांगते ते ऐक. गोळी घे. रोज, ठरल्या वेळी.

माझं ठीक आहे. कारखान्यात आता कुणी कामाला बोलवत नाही, पण एखाद्या सुतावर रंग बसेनासा झाला की नवा मुकादम घरी विचारायला येतो. थंडीत हातावरचा भाजल्याचा चट्टा खाजतो, बाकी काही नाही.

तुझ्या छोटीला माझ्याकडून काय सांगायचं ते तूच ठरव. मला तिच्याशी बोलता येत नाही.

गोळी घे.

आजी


१२ जानेवारी

खारे,

पत्र वाचलंस, फाडलंस, आणि फाडताना जे बोललीस ते तुझ्या नवऱ्याने मला जसंच्या तसं सांगितलं. "गोळ्यांनी पोर बहिरी झाली म्हणणारी तीच, आणि आता गोळ्या घे म्हणणारीही तीच." बरोबर आहे. एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं.

तेव्हा आता नीट वाच. छोटीचे कान तुझ्या तापाच्या गोळ्यांनी गेलेले नाहीत. मला हे तेव्हाही माहीत होतं.

हे तुझ्या नवऱ्याला फोनवर सांगता आलं असतं. पण तुला वाटलं असतं, बायकोने गोळ्या घ्याव्यात म्हणून यानेच गोष्ट रचली. म्हणून माझ्या हाताने लिहिते आहे. अशी वाकडी अक्षरं तुझ्या नवऱ्याला जमायची नाहीत.

तुला काळं तेल आठवतं? एक रविवार सोडून एक रविवार तुला न्हाणीत स्टुलावर बसवायची आणि कपाळापासून मागे चार बोटं चोळायची. केस दाट होतात, सांगायची. तू नाक मुरडून म्हणायचीस, "आजी, या तेलाला खिळ्यांचा वास येतो." येणारच. त्यात खिळेच होते. गंजलेले खिळे आंबवून काढलेलं पाणी आणि झाडाच्या सालीचा काढा. सूत काळं करायला आम्ही तेच वापरायचो. तेल नव्हतं ते, रंग होता. घरात सगळ्यांच्या उशीला पांढरी खोळ आणि तुझ्या एकटीच्या उशीला काळी, ती का, हेही आता कळलं असेल.

तू जन्मलीस तीच कपाळावर पांढरी बट घेऊन. दोन बोटं रुंद, दुधासारखी. तुझ्या आईलाही तशीच होती. तिची मी रंगवली. तुझी आधी तिने रंगवली, आणि तू पाच वर्षांची असताना ती गेली, तेव्हापासून मी.

एकोणिसाव्या वर्षी तू शिकायला बाहेर गेलीस, तेव्हा तेलाची बाटली बरोबर दिली होती. ती तू खोलीतल्या मुलींना हसून दाखवलीस आणि फेकून दिलीस, हे मला फार उशिरा कळलं. दोन महिन्यांनी फोनवर रडायला लागलीस, आजी, माझे केस पिकले. मी म्हणाले, अभ्यासाचा ताण, दूध पीत जा. तेव्हापासून तू सगळ्यांना तेच सांगत आलीस. ताणाने केस पिकले.

मग छोटी सव्वा वर्षाची झाली आणि कानाच्या डॉक्टरांनी तुला विचारलं, घराण्यात कुणाला जन्मापासून पांढरी बट आहे का, कुणी बहिरं होतं का. तू मला फोन केलास. मी भांडी घासत होते, फोन ओल्या हाताने धरला होता, सगळं आठवतंय. मी म्हणाले, कुणी नाही. तू म्हणालीस, "मग असं कसं झालं गं, आजी?" आणि मी म्हणाले, तिसऱ्या महिन्यात तापाच्या गोळ्या खाल्ल्यास ना, त्यांनीच. एका दमात बोलले. बोलून मला हायसं वाटलं, हेही लिहून टाकते.

डॉक्टर म्हणाले होते, हवी तर जनुकांची तपासणी करू. तू म्हणालीस, नको, कारण मला माहीत आहे. आणि फोन ठेवलास तो दोन वर्षं उचलला नाहीस. मला वाटत होतं तू माझ्यावर चिडलीस. तू माझं खरं धरून बसली होतीस, हे कुंडीतल्या गोळ्यांवरून समजलं.

ही बट आली कुठून, मला माहीत नाही. तुझ्या आजोबांच्या घराण्यात असावी. ते आपल्या माणसांविषयी कधी बोलायचे नाहीत.

आता तरी गोळी घे.

आजी


२० जानेवारी

खारे,

तुझ्या नवऱ्याने सांगितलं, पत्र या वेळी फाडलं नाही, कपाटात ठेवलं. पण गोळीही घेतली नाहीस. "ती बाई आज एक बोलते, उद्या एक. तिच्या शब्दावर मी पोटातल्या पोराला पणाला लावू?" असं म्हणालीस. तेही बरोबर आहे. म्हणून मी मोठ्या इस्पितळात जाऊन आले.

जनुकांचा विभाग तळघरात आहे. दोन तास बाकावर बसले. समोर भिंतीवर एका गुटगुटीत बाळाचं चित्र, त्याचा एक कान कुणीतरी पेनाने रंगवलेला. मग आत बोलावलं. डॉक्टरीणबाई तुझ्याहून चारेक वर्षांनी मोठ्या असतील, चष्मा डोक्यावर आणि शोधतात टेबलावर.

त्यांनी कागदावर घराणं मांडायला घेतलं. बाईचा गोल, पुरुषाचा चौकोन. ज्याच्यात हे असेल त्याचा गोल काळा भरायचा. मी म्हटलं, "बाई, उलटं करताय. आमच्यात ज्याच्यात ते आहे त्याचं पांढरं सोडा, बाकीचे भरा." त्या हसल्या. छोटीचा गोल भरला, तुझा भरला, तुझ्या आईचा भरला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि वर?" मी म्हटलं, आमच्या यांच्याकडून असेल. त्यांनी तुझ्या आजोबांचा चौकोन भरायला पेन टेकवलं, आणि तेवढ्यात माझ्या हाताकडे बघितलं.

"हे काय आहे?"

"भाजलं होतं. उकळत्या रंगाचा शिंतोडा."

त्यांनी हात उजेडात घेतला, अंगठ्याने चट्टा दाबून बघितला. म्हणाल्या, "आजी, भाजलेली कातडी ओढली जाते, चुरगळते. ही अगदी सपाट आहे. आणि यावरची लव पांढरी, शेजारची काळी."

पन्नास वर्षं भट्टीवर काम केलेली बाई भाजलं म्हणते तेव्हा कुणी पुन्हा विचारत नाही. ही पहिलीच.

तेव्हा मागच्या पत्रातलं आजोबांविषयीचं वाक्य खोड. तुझ्या आजोबांचं घराणं धुतल्या तांदळासारखं आहे. हे माझं आहे. चट्टा मी जन्मताना घेऊन आले आणि बटही. ती लग्नाच्या वेळी माझ्या आईने रंगवली, पुढे मी. साठीला सगळंच डोकं पांढरं झालं तेव्हा सुटले. पांढऱ्यात पांढरं कोण शोधतंय. तुझे आजोबा शेहेचाळीस वर्षं माझ्या शेजारी झोपले, त्यांना कळलं नाही. की कळलं होतं आणि बोलले नाहीत, ते आता विचारता येत नाही.

मग मी म्हटलं, काय बिघडलंय ते मला कळेल असं सांगा, मी चौथी आहे. त्यांनी विचारलं, काय काम करायचात? सूत रंगवायचे. "मग तुम्हाला माझ्याआधी कळेल," म्हणाल्या.

जसं कळलं तसं लिहिते, चुकलं तर तू सुधार. अंगातल्या कणाकणात एक लांबच लांब धागा असतो, डीएनए म्हणतात. माणूस कसा घडवायचा ते त्याच्यावर तुकड्या-तुकड्याने लिहिलेलं असतं, एकेक तुकडा म्हणजे एकेक जनुक. बरीचशी जनुकं कामकरी आहेत. कुणी हाडाचं सामान बनवतं, कुणी रक्ताचं. आपल्यात जे बिघडलंय ते कामकऱ्याचं नाही. त्याच्यापासून जे प्रथिन तयार होतं ते स्वतः काहीच बनवत नाही. ते उलट त्या धाग्याकडेच जातं, ठरलेल्या जागा हुडकतं, तिथं धागा पकडून बसतं, आणि आजूबाजूच्या जनुकांना सांगतं, तू आता चालू हो, तू अजून थांब.

मी म्हटलं, "म्हणजे मुकादम. कुठल्या हौदात हात बुडवत नाही, पण तो आला नाही तर निम्म्या भट्ट्या पेटत नाहीत."

त्या म्हणाल्या, "हे मी आता सगळ्यांना असंच सांगणार."

असे मुकादम दोन असतात, एक आईकडून, एक बापाकडून. आपल्यातला एक बहुधा जन्माचाच लुळा, म्हणाल्या, त्याला धागा धरता येत नाही. दुसरा एकटा पुरा पडत नाही. आता हे मुकादम कसलं काम बघतात? तर पोर पोटात असताना तिच्या पाठीच्या कण्यापाशी रंगाचे कण तयार होतात, पेशी म्हणतात त्यांना, आणि तिथून त्या चालत निघतात. कातडीकडे, केसांकडे, डोळ्यांकडे. मुकादम अर्धाच असला की काही निघतच नाहीत, काही वाटेत संपतात. कपाळ सगळ्यात लांब. तिथवर पोचल्या नाहीत की बट पांढरी.

हे मला पटलं. म्हटलं, पण कानाचं काय? कानात कसला आलाय रंग?

"तेच तर आहे, आजी. त्यातल्याच काही पेशींना आतल्या कानात जायचं असतं. तिथं त्या दिसायला नसतात. कानाच्या आत शंखासारखी नळी आहे, तिच्यातलं पाणी राखायचं काम त्यांचं. त्या पोचल्या नाहीत तर कान बाहेरून धडधाकट असतो, पडदा असतो, हाडं असतात, फक्त ऐकू येत नाही."

पन्नास वर्षं रंगात हात घातले मी. रंग बघायला असतो, एवढंच मला माहीत होतं. आणि जेवढं बघितलं जातं तेवढं झाकलं की भागतं, अशा हिशेबाने वागत आले.

मग विचारलं, आणि ताप? गोळ्या? त्या म्हणाल्या, पोर पोटात राहिली त्या क्षणी हे ठरून गेलं होतं. ताप आला तिसऱ्या महिन्यात. आणि त्या गोळ्यांनी असं होतही नाही. मी म्हटलं, हे एवढं लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं, सही केली, शिक्का मारला. कागद सोबत जोडला आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, शिक्क्यावर ठेव.

माझं रक्त घेतलं. उत्तर पाच आठवड्यांनी येईल, पण गोळीला पाच आठवडे थांबायचं कारण नाही.

निघताना डॉक्टरीणबाईंनी माझ्या गोलाशेजारी अजून एक गोल काढला आणि तोही काळा भरला. त्याचं आज लिहीत नाही.

आजी


२ फेब्रुवारी

खारे,

तुझा नवरा म्हणतो शिक्क्याचा कागद तू दोनदा वाचलास, तुझ्या डॉक्टरांनाही दाखवलास. तेही हो म्हणाले. तरी गोळीची पट्टी अजून तशीच आहे. रात्रंदिवस दोन वर्षं स्वतःला बोल लावला की ती सवय एका कागदाने जात नाही, हे मला कळतं. सवय मी लावली.

तो गोल माझ्या बहिणीचा आहे. मी एकुलती एक असं तू ऐकत आलीस. तुझ्या आजोबांनीही तेच ऐकलं.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बट माझ्याहून रुंद, एक डोळा तपकिरी आणि एक निळा. जन्मापासून काही ऐकू येत नव्हतं. आम्ही दोघी कारखान्यात एका हौदावर कामाला होतो, मी तेरा-चौदाची असल्यापासून. तिच्याइतकी रंगाची नजर तिथं कुणाची नव्हती. मुकादम सुताच्या दोन लडी शेजारी धरून विचारायचा, एकच आहे ना? ती मान हलवायची, नाही. उन्हात नेऊन बघितलं की तिचंच खरं निघायचं.

आमची हातांची बोली होती. कुणी शिकवली नव्हती. निळा म्हणजे मनगटावरच्या शिरेवर बोट. लाल म्हणजे ओठावर. काळा म्हणजे नखाची कड, कारण ती आमची कधी स्वच्छच नसायची. लड वाळली की दोन बोटांत घट्ट चोळायची आणि बोटं उघडून दाखवायची. बोटं कोरी, म्हणजे रंग पक्का. आणि एक नियम होता: मागून जाऊन तिला हात लावायचा नाही, दचकते. जमीन फळ्यांची होती. दोनदा पाय आपटायचा, फळी तिला सांगायची की मी आले.

माझं लग्न ठरायला आलं. त्या आठवड्यात आईने माझी बट रंगवली आणि ताईला थोडे दिवस म्हणून गावाबाहेरच्या आश्रमात ठेवलं. डोक्याने अधू असलेल्यांचा आश्रम. तिचं डोकं आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं होतं. मुलाकडच्यांनी तिला बघितलं असतं तर माझ्या केसांत बोट घालून बघितलं असतं. मला सगळं माहीत होतं. मी एकोणीस वर्षांची होते, लहान नव्हते. मूग गिळून बसले.

थोडे दिवस म्हणजे एकवीस वर्षं झाली.

मी दोनदा गेले. पहिल्यांदा दोन वर्षांनी. लांबलचक खोली, तिथंही फळ्याच. ती पाठमोरी उभी होती, खिडकीशी. मी सरळ मागून जाऊन खांद्यावर हात ठेवला. दोन वर्षांत नियम विसरले होते. ती किंचाळली, असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मग वळली, मला बघितलं. पहिलं काय केलं असेल? माझ्या कपाळावरची बट दोन बोटांत धरली आणि घट्ट चोळली. आणि बोटं उघडून मला दाखवली. कोरी होती.

रागावली असती तर बरं झालं असतं. तिने काम तपासलं आणि पसंत केलं.

दुसऱ्यांदा गेले ती सही करून तिचं गाठोडं आणायला.

आता उरलेलं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की मला छोटीशी बोलता येत नाही. येतं. तू तिला माझ्याकडे आणली होतीस तेव्हा ती आठ महिन्यांची होती. वरच्या खोलीत, फळ्यांवर, माझ्याकडे पाठ करून बसली होती. मी तिला हाक मारली, टाळी वाजवली. मग दोनदा पाय आपटला. ती वळून हसली. मला त्याच दिवशी कळलं. तुला कळायच्या आधी सात महिने. खाली येऊन मी तुला चहा दिला आणि म्हणाले, पोरगी गुणी आहे, रडत नाही.

एवढंच राहिलं होतं. आता माझ्याकडे झाकलेलं काही नाही.

आजी


२६ फेब्रुवारी

खारे,

उत्तर आलं. इतक्या लांब धाग्यात माझं एक अक्षर बदललेलं आहे. फक्त एक. पण ते नेमकं अशा जागी की त्या प्रथिनाचा जो भाग धागा पकडतो तोच वाकडा झालाय. बाकी मुकादम शाबूत आहे, नुसते हात नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छोटीचं आणि तुझं रक्त बघितल्याशिवाय शंभर टक्के म्हणता येणार नाही, पण दुसरं काही निघालं तर त्यांना नवल वाटेल. रक्त द्यायचं की नाही, तुझी मर्जी.

येणाऱ्याचं विचारलं मी. ते अक्षर त्याला मिळायची शक्यता अर्धी. मिळालं तरी कान जातीलच असं नाही. मला मिळालं, मी ऐकते. तुझ्या आईने ऐकलं, तू ऐकतेस. ताईने नाही ऐकलं, छोटी नाही ऐकत. कुणाच्या पेशी कुठवर पोचतील हे त्यांनाही आधी सांगता येत नाही. मी म्हटलं, एवढं शिकून एवढंच? म्हणाल्या, हो, एवढंच.

पण गोळी न घेतल्यावर काय होतं ते त्यांना नीट सांगता येतं. त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. ते मी इथं लिहीत नाही, तू तुझ्या डॉक्टरांकडून ऐकलं आहेसच. एका घरात दोन जीव एका दिवशी जातात आणि मागे एक ऐकू न येणारी तीन वर्षांची पोर उरते. तिला आई कुठे गेली हे कुणी सांगायचं? तुझा नवरा चांगला आहे, पण हात खिशात घालून बोलतो, मी बघितलंय. आणि मी, तर माझं वय बघ.

माफ कर असं मी लिहिणार नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तुझ्याकडून काही घ्यायचा मला हक्क नाही. फोन उचलू नकोस. पत्राला उत्तर देऊ नकोस. माझं तोंड आयुष्यात बघू नकोस. पण तू काही चूक केली नव्हतीस. ताप आला, गोळी घेतलीस. कुणीही घेतली असती.

पाण्याबरोबर घे, नुसती गिळू नकोस.

आजी


११ मार्च

खारे,

पाकीट पोचलं. वरचं अक्षर तुझं. आत चिठ्ठी नव्हती. उलटं करून झटकलं, उजेडात धरून बघितलं. नुसती गोळ्यांची पट्टी, दहाच्या दहा घरं फुटलेली.

मागे नाव छापलं आहे ते घेऊन औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, रक्तदाबाचीच आहे आजी, तुम्हाला हवी आहे का? मी म्हटलं, मला नको, मला नुसतं ऐकायचं होतं. मी अशी बाई आहे, तुला ठाऊकच आहे.

घरी येताना मनात आलं, याही कुंडीत गेल्या असतील तर? जिन्यावर थांबले. मग लक्षात आलं, नवऱ्याने विचारल्यावर तू त्याच क्षणी कबूल केलं होतंस, हो, मीच पुरल्या. या घरात खोटं बोलायचं काम माझ्याकडे होतं, तुझ्याकडे नाही. पट्टी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवली आहे.

काळ्या रंगाची एक बाटली अजून फडताळात होती, कशासाठी ठेवली होती कुणास ठाऊक. ती न्हाणीत ओतली. फरशीवर डाग पडलाय, दोनदा घासला, जात नाही. जाणार नाहीच, मी केलेला रंग आहे. येणाऱ्याच्या कपाळावर बट असली तर असू दे, एवढंच सांगते.

छोटीला खुणा शिकवायच्या तर शाळेतल्या शिकव, त्यांना मोठं व्याकरण असतं म्हणे. पण रंगांच्या तीन आमच्याही शिकव. निळा मनगटावर, लाल ओठावर, काळा नखाच्या कडेला. या खुणा जाणणारी मी आता एकटीच आहे, माझ्यानंतर कुणी नाही.

तुझा नवरा म्हणाला, नवव्या महिन्यात तुला पडून राहायला सांगतील आणि छोटीकडे बघायला कुणी नाही. तू बोलावलंस असं तो म्हणाला नाही, आणि मी विचारलं नाही. त्याने एवढंच सांगितलं की तुमच्याकडे जमीन फळ्यांची आहे.

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला मी निघते आहे. नको असेल तर तसं कळव, मी पिशवी उतरवून ठेवीन. काही कळवलं नाहीस तर येईन. बेल वाजवणार नाही, ती छोटीला कुठे ऐकू येणार. दाराबाहेर दोनदा पाय आपटीन. दार कुणी उघडायचं ते तुम्ही दोघी ठरवा.

आजी